रूथबाईचं ऐकणं

शनिवारची दुपार होती आणि मी वर्गात इंग्रजी उतारा वाचत होतो. एका मुलाची बकरी हरवते आणि तो ती आठवडे बाजारात शोधत फिरतो, असा साधासुधा उतारा. ऐकण्याच्या परीक्षेचा सराव म्हणजे दुसरं काही नसतं. सरांनी वाचायचं, समोरच्यांनी ऐकायचं, मग सरांनी प्रश्न विचारायचे. मी पहिलं वाक्य वाचलं आणि जरा थांबलो. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची बाई उठली, माझ्याकडे पाठ करून मागच्या बाकांकडे वळली आणि खणखणीत आवाजात मावची या इकडच्या आदिवासी बोलीत काहीतरी बोलली. मग पुन्हा माझ्याकडे तोंड करून तिने मान हलवली. म्हणजे, चला, पुढे.

मला वाटलं, कोणाला काही निरोप द्यायचा राहिला असेल. मी दुसरं वाक्य वाचलं. ती पुन्हा वळली, पुन्हा बोलली, पुन्हा मान हलवली. तिसऱ्या वाक्याला माझा पारा चढला. मी ब्राह्मणपुरीचा माणूस. शाळेत पुस्तकातली मराठी बोलतो, पण रागावलो की जिभेला आपोआप गावची वाट सापडते.

"काय करी ऱ्हायनी बाई तू?" मी ओरडलो. "हाई परीक्षा शे, बाजार नही!"

ती दचकली. "सर, तुम्ही थांबलात ना. म्हणून मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तुम्ही सांगितलं तेच. यांना."

मागे बसलेल्या चौघांनी एकदम माना डोलावल्या. त्यांना तिचं सांगणं पसंत पडलेलं दिसत होतं. मग मलाही गंमत वाटली. म्हटलं, बघू तरी. उरलेला उतारा मी तसाच थांबत थांबत वाचला आणि ती तशीच सांगत गेली. शेवटी मी प्रश्न विचारले. बकरीचा रंग कोणता, ती कुठे सापडली, मुलाने कोणाचे आभार मानले. सुकराम म्हणून एक ट्रॅक्टर चालवणारा गडी आहे, त्याला आजवर इंग्रजीत स्वतःच्या नावापलीकडे काही सांगता आलं नव्हतं. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, पण सगळं बरोबर सांगितलं. मागच्या बाकांवर एकही चूक नाही. मी खूश होऊन त्या बाईकडे वळलो. "आता तुम्ही सांगा. बकरी कशी होती?"

तिने मागे वळून सुकरामकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोणती बकरी, सर?"

वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. ती खरंच आठवून बघत होती आणि तिला खरंच काही सापडत नव्हतं.

तिचं नाव रूथ गावित. माझ्याहून पुष्कळ लहान, म्हणून इथे मी तिला एकेरी लिहितो. समोर मात्र रूथबाईच म्हणायचो. शाळा सुटलेल्या ज्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं असतं, ते नवापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेकडे येतात आणि त्यांची इंग्रजीची तोंडी परीक्षा माझ्या गळ्यात पडते. परीक्षेच्या दिवशी बोलावून मोकळं व्हावं, असा शहाणपणाचा सल्ला मला सगळ्यांनी दिला होता. मी शनिवारी दुपारी त्यांना शिकवतो. यात थोरपणा काही नाही. घरी मी एकटा असतो, आणि घरात एकट्याने टीव्ही बघण्यापेक्षा वर्गात बसून कोणावर तरी ओरडलेलं बरं.

इंग्रजीच्या शंभरातले वीस गुण शाळेने द्यायचे असतात. ऐकून उत्तरं द्यायची, थोडं बोलायचं, त्याचे. हे वीस गुण कुठे कुठे लग्नातल्या अक्षतांसारखे वाटले जातात असं मी ऐकून आहे. मी वाटत नाही. ज्याला जेवढं येतं तेवढंच मांडतो. त्यापायी लोक मला खडूस म्हणतात. असू दे. फुकट मिळालेल्या गुणांनी माणूस पास होतो, पण त्याला इंग्रजी येत नाही ते नाहीच.

रूथ तिच्या गावाजवळच्या एका दवाखान्यात आया आहे. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, बेडपॅन उचलायचं, हे पगाराचं काम. बिनपगाराचं काम वेगळंच. तिथले डॉक्टर केरळचे. त्यांना इंग्रजी भरपूर, हिंदी जेमतेम आणि मावचीचं नाव नाही. पेशंट येतात डोंगराकडच्या पाड्यांवरून, त्यातल्या म्हाताऱ्यांना आणि बायांना मावचीशिवाय दुसरं काही बोलता येत नाही. या दोघांच्या मधे रूथ. डॉक्टर बोलून थांबतात, ती सांगते. पेशंट बोलून थांबतो, ती जमेल तशा इंग्रजीत डॉक्टरांना सांगते. रविवारी चर्चमध्ये तेच. आणि दर जानेवारीत भाताच्या खळ्यावर मांडव घालून त्यांचं मोठं संमेलन होतं, तेव्हा बाहेरगावचे पाहुणे उपदेशक येतात. त्यांच्या शेजारी दुसरा माईक धरून रूथ उभी असते, अगदी परकर-पोलक्यात होती तेव्हापासून.

म्हणजे समोरचा थांबला की आपण बोलायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. आणि बोलून झालं की सोडून द्यायचं, हेही. स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात पुढे जातात तसं. मागच्या घमेल्याचा विचार करत बसलं तर पुढचं पायावर पडतं. मला वाटलं होतं, हिला इंग्रजी कानाने येतं, हिच्याइतकं सोपं कोणालाच जाणार नाही. आता बघतो तर इंग्रजी तिच्या कानातून शिरून तोंडातून बाहेर पडत होतं आणि मधे कुठेच थांबत नव्हतं.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून विचारलं की हा दहावीचा खटाटोप कशासाठी. तिने सांगितलं. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनी तिचं नाव नाशिकच्या रुग्णसेविकेच्या अभ्यासक्रमासाठी सुचवलं होतं. वर्षभर शिकायचं, फी दवाखाना भरणार, परत आल्यावर नोकरी पक्की. अटी दोनच होत्या. दहावी पास पाहिजे आणि वय पस्तीसच्या आत पाहिजे. रूथ येत्या ऑगस्टात पस्तीसची होणार होती. म्हणजे मार्चची ही परीक्षा हुकली की सगळंच हुकलं.

"बाकीचे विषय निघतील सर, मी गाईड पाठ केलंय," ती म्हणाली. "इंग्रजीतच मी पूर्वी नापास झाले. लिहायला हात चालत नाही."

"पण आया म्हणून चाललंय ना बरं?"

तेव्हा ती जरा तापली. "सर, एखादं पोर तापाने फणफणलेलं येतं. त्याच्या आईचं सगळं मी डॉक्टरांना सांगते. डॉक्टरांचं सगळं मी त्या आईला सांगते. मग मला म्हणतात, रूथ, आता तू बाहेर जा, सिस्टर सुई देतील. दर वेळी मी बाहेर. मला आत थांबायचंय."

मी घरी येऊन हिशेब मांडला. लेखीत ती फार तर काठावर पोचणार होती. तोंडीचे गुण चांगले पडले तरच गाडी पलीकडे जात होती. आणि तोंडीत तिची ही गत, कोणती बकरी, सर. तिने गुण वाढवून मागितले असते तर मला रागावता तरी आलं असतं. तिने कधीच मागितले नाहीत.

मी तिला गप्प बसायला शिकवायचं ठरवलं. पुढच्या शनिवारी उतारा सुरू करण्याआधी सांगितलं, मी थांबलो तरी तोंड उघडायचं नाही. तिने ओढणीचं टोक दातात धरलं. मी दोनदा वाचलं. परीक्षेतही उतारा मी दोनदा वाचतो. दोन्ही वेळा ती डोळे विस्फारून माझ्याकडे बघत बसली. मागचे चौघे तिच्याकडे आशेने बघत होते, त्यांची तर पारच पंचाईत झाली. प्रश्न विचारले तर कोणालाच काही नाही.

"सर, ऐकूच येत नाही," ओढणी काढून ती म्हणाली. "तुमचे ओठ हलताना दिसतात, बस. कोणाला सांगायचं नसलं की कान उघडतच नाहीत."

वाचनाची वेगळीच तऱ्हा. प्रश्नपत्रिकेत न पाहिलेला उतारा असतो, तो मनातल्या मनात वाचून उत्तरं लिहायची असतात. रूथला मनातल्या मनात वाचताच येईना. तिच्या घरात आणि शेजारात वाचता येणारी तीच एक. तेव्हा वाचायचं ते मोठ्याने, दहा जणांना ऐकू जाईल असं. कासवांच्या अंड्यांवरचा एक उतारा तिने उभं राहून अशा काही गंभीर चालीत वाचला, की शेवटचं वाक्य संपवून ती थांबल्याबरोबर मागून सुकराम "आमेन" म्हणाला. बाकीच्या तिघांनीही म्हटलं. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन सगळे खाली बघायला लागले. मी खिडकीकडे तोंड करून पोट धरून हसलो. खूप दिवसांनी इतका हसलो.

हसून झालं तरी प्रश्न सुटला नव्हता. तिला सराव वाढवायला हवा म्हणून मी रोज एक उतारा, आधी वर्गातले आणि मग नवे, आणि त्यावरचे प्रश्न माझ्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवायला लागलो. उत्तरं तिने तशीच बोलून पाठवायची. पहिला आठवडा कोरडाच गेला. दुसऱ्या आठवड्यात उत्तरं यायला लागली आणि तीही बरोबर. गावातलं कोणी शिकलेलं पोर तिला उत्तरं पुरवतंय, असा माझा साधा हिशोबी संशय. खडूस माणसाला दुसरं काय सुचणार. एका रविवारी दुपारी मी मोटरसायकल काढली आणि न सांगता तिच्या गावी गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग आणि ढिगाशेजारी रूथची सासू धनीबाई शेंगा सोलत बसलेली. रूथचा नवरा स्टीफन सीमेपलीकडे व्याऱ्याला गवंडीकाम करतो, तो आठवड्याने घरी येतो. एरवी या दोघीच. रूथ मला बघून गडबडली, खाट टाकली, पाणी दिलं. धनीबाई उठली नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मावचीत एक लांबलचक वाक्य बोलून थांबली.

"आई म्हणते, हाच का तो, फोनमध्ये बकऱ्या आणि कासवं पाठवणारा," रूथने सांगितलं. धनीबाई आणखी बोलली. "आई म्हणते, ही सून बिनकामाची आहे, हिला काही लक्षात राहत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून बघते आहे." हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं, जणू दुसऱ्याच कोणाच्या सुनेबद्दल चाललंय. थांबलं की सांगायचं, मग ते स्वतःविषयी का असेना.

मी म्हटलं, तुमचा सराव कसा चालतो तो दाखवा. तिने फोन तुरीच्या टोपलीवर ठेवला आणि माझा आवाज सुरू झाला. एक वाक्य झालं की ती फोन थांबवे आणि धनीबाईला मावचीत सांगे. धनीबाई शेंगा सोलता सोलता हुंकार देई. उतारा संपला. मग धनीबाईने हात झटकले, पाय लांब केले आणि बोलायला सुरुवात केली. आता रूथ ऐकत होती. तिची मान हलत होती, मधेच ती हसत होती, मधेच "मग?" असं काहीतरी विचारत होती. ते झाल्यावर तिने फोनवरचे माझे प्रश्न लावले आणि एकेकाचं उत्तर इंग्रजीत दिलं, माझ्यासमोर, अडखळत पण बरोबर.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हे आमचं नेहमीचंच, सर. संमेलनात मी माईकवर सांगते आणि घरी येईपर्यंत विसरते. आई समोर बसून सगळं ऐकते. मग रात्री भाकरी करताना मी विचारते, आज काय सांगितलं होतं? आणि आई मला सांगते." ती जरा लाजली. "माझं मला आईकडूनच कळतं."

मला माझ्या संशयाची लाज वाटली. खाटेवर बसून नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली. निघताना धनीबाईने विचारलं की पुढचा उतारा कशाचा आहे, आणि तो बकरीवाला मुलगा पुढे सुधारला का.

पद्धत सापडली असं वाटेपर्यंत नवीच भानगड उभी राहिली. मी दीपगृहाच्या राखणदाराचा एक उतारा पाठवला. समुद्रातल्या खडकावर एकटा राहतो, रोज संध्याकाळी दिवा लावतो, असा तो माणूस. रूथची उत्तरं आली. राखणदार कोणाबरोबर राहतो? बायकोबरोबर. जहाजाचा आवाज पहिल्यांदा कोणी ऐकला? बायकोने. मी उतारा पुन्हा वाचून बघितला. त्यात बायकोचा मागमूस नव्हता. शनिवारी विचारलं तेव्हा रूथ खाली मान घालून म्हणाली, "आईला पटलं नाही, सर. ती म्हणाली, मग त्याला भाकरी कोण करून देतं? मी गप्प बसले, तर सांगताना तिने त्याचं लग्नच लावून दिलं."

हे नेहमीच होत होतं, फक्त आधी माझ्या प्रश्नांत आलं नव्हतं. धनीबाईला जिथे पोकळ वाटेल तिथे ती भर घालत असे. बकरीवाल्या मुलाला तिने एक बहीण दिली होती. कासवांची अंडी खाणाऱ्या पक्ष्याला दगड मारून हाकललं होतं. गोष्ट म्हणून झकास, पण परीक्षेत याला गुण नाहीत. मी रूथला बजावलं, घरी सांग, जेवढं आहे तेवढंच. तिने घरी सांगितलं आणि धनीबाई रुसली. तीन दिवस फोनवर एकही उत्तर आलं नाही. हाताशी आलेलं पुन्हा निसटतंय की काय, म्हणून मी शाळेत सगळ्यांवर चिडचिड करत होतो. शिपाई रेवजी तर माझ्या वाटेला येईनासा झाला.

चौथ्या दिवशी रूथचा फोन आला. मागून धनीबाईचा आवाज येत होता. "सर, आई म्हणते, ठीक आहे, त्याला बिनबायकोचाच राहू द्या. पण सरांना सांग, हे बरोबर नाही."

तोंडी परीक्षा फेब्रुवारीत होती. एकेकाला वर्गात बोलवायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. रूथ आली ती धनीबाईला घेऊनच. म्हातारीने नवं लुगडं नेसलं होतं आणि थेट वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसली. मी म्हटलं, आजी, हे चालणार नाही. रूथने तिला सांगितलं. धनीबाईने उलट विचारलं की मी नसले तर तिला सांगणार कोण. या प्रश्नावर माझ्याकडे फक्त नियम होता, आणि तो मावचीत सांगितला तरी तिला पटण्यासारखा नव्हता. शेवटी रेवजीने तिला व्हरांड्यात नेऊन खुर्चीवर बसवलं. रूथ वर्गात एकटी उरली. ती आपल्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. माझंच काही ठीक नव्हतं. तिला येतं हे मला ठाऊक होतं आणि तरीही जे बोलेल तेवढ्याचेच गुण मी देणार होतो. खडूसपणा एकदा अंगाला चिकटला की सोयीनुसार काढून ठेवता येत नाही.

उतारा मधमाश्या पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याचा होता. वादळात त्याच्या पेट्या उलटतात आणि ज्या शेजारणीशी त्याचं भांडण असतं तीच मदतीला धावून येते. मी पहिल्यांदा वाचलं. प्रत्येक वाक्याला थांबलो. रूथ बोलली नाही, ओढणीही दातात धरली नाही. तिचे ओठ मात्र हलत होते, आणि ती माझ्याकडे नाही, समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत होती. वाक्य संपलं की हलकेच मान हलवायची, चला, पुढे.

दुसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा तिने पाठ टेकली आणि हात मांडीवर ठेवले. या वेळी ओठ मिटलेले होते. भांडणाच्या वाक्याला ती गालात हसली. पेट्या उलटल्या तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. मी वाचता वाचता तिच्याकडे बघत होतो आणि मला कळलं की हिला ऐकू येतंय.

मग प्रश्न. शेजारीण का आली, हातमोजे का घातले नाहीत, शेवटी म्हाताऱ्याने काय दिलं. ती एकेक उत्तर सावकाश देत गेली. एका ठिकाणी चुकली. एका ठिकाणी थांबून, विचार करून, "उताऱ्यात ते सांगितलेलं नाही" असं इंग्रजीत म्हणाली, आणि खरोखरच ते सांगितलेलं नव्हतं; तो प्रश्न मी मुद्दाम घातला होता. धनीबाईच्या हातची भर तिने ओळखून बाजूला ठेवली होती. मला इतका आनंद झाला की मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"कसं जमलं?" मी मराठीत विचारलं.

"पहिल्यांदा मी आईला सांगितलं, सर," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा आईने मला सांगितलं."

मी जेवढे होते तेवढेच गुण मांडले. ते चांगले होते.

मार्चमध्ये लेखी झाली. ओठ हलवू नका म्हणून पर्यवेक्षकाने दोनदा टोकलं, असं तिने बाहेर येऊन सांगितलं. निकाल लागला आणि रूथ पास झाली. इंग्रजीत काठाच्या जरा वर. सुकरामचं गणित राहिलं, पण इंग्रजी निघालं, आणि त्याचं श्रेय तो आजही माझ्याऐवजी रूथला देतो. संध्याकाळी सासू-सून माझ्या दारात उभ्या. धनीबाईच्या काखेत जिवंत कोंबडा. मी माळकरी घरातला, जन्मात अंडं खाल्लेलं नाही. पण त्या म्हातारीच्या तोंडावरचा आनंद बघून नाही म्हणवेना. कोंबडा घेतला, तिच्या पाया पडलो. दुसऱ्या दिवशी तो रेवजीकडे गेला आणि त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये रूथ नाशिकला गेली. अधूनमधून तिचे निरोप येतात. सगळं इंग्रजीत शिकवतात, पण जमतंय. पहिली सुई दिली त्या दिवशी तिने मला सकाळी सकाळी फोन करून सांगितलं. मी आत होते सर, म्हणाली.

या जानेवारीत संमेलनाचं बोलावणं घेऊन स्टीफन आला. बोलावणं दर वर्षी येतं, मी कधी गेलो नव्हतो. या वर्षी गेलो. खळ्यावर मांडव, खाली ताडपत्र्या, हजारभर माणूस, पलीकडे चुलाण्यांवर भाताची पातेली. पाहुणे उपदेशक हिंदीत बोलत होते आणि त्यांच्या शेजारी दुसरा माईक धरून धीरज नावाचा कॉलेजातला पोरगा मावचीत सांगत होता. चांगलं सांगत असावा. लोक हसायच्या जागी हसत होते. धनीबाई पुढेच बसलेली दिसली, नेहमीच्या जागी असणार. पण ती माईककडे बघत नव्हती. शेजारणीच्या नातवाला मांडीवर घेऊन त्याच्या स्वेटरची बटणं लावत होती, काढत होती.

सभा संपल्यावर मी आणि स्टीफन तिच्याजवळ गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आजी, आज काय सांगितलं?" स्टीफनने तिला विचारलं. ती बोलली. स्टीफन हसायला गेला आणि मधेच थांबला.

"आई म्हणते, ऐकलं नाही. घरी जाऊन सांगायचं कोणाला?"

रूथ पास झाली पाहिजे एवढंच मी बघितलं होतं. ती झाली, आणि मला तिचा अभिमान वाटतो, आजही वाटतो. पण त्या मांडवात उभं राहून मला पहिल्यांदाच फार वाईट वाटलं. सून दवाखान्यात आत गेली आणि सासूचं ऐकणं थांबलं, हे माझ्या कुठल्याच हिशेबात आलं नव्हतं.

धनीबाईने मला काहीतरी विचारलं. रूथ तिथे दिवसभर ऐकते, तर संध्याकाळी तिला परत कोण सांगतं, असं ती विचारते आहे, स्टीफन म्हणाला.

"कोणी नाही," मी म्हणालो. "तिथे ज्याचं त्याने ऐकायचं असतं."

स्टीफनने ते मावचीत सांगितलं. धनीबाईने त्या पोराला खाली उतरवलं आणि लुगडं झटकून उठली. मग एकच छोटं वाक्य बोलली आणि पंगतीकडे निघाली. मी स्टीफनकडे बघितलं.

"म्हणते, मग तिथे ती फार एकटी असेल."

मी त्या रात्रीपासून पुन्हा उतारे रेकॉर्ड करायला लागलो आहे. आता मराठीत करतो. ते स्टीफनच्या फोनवर जातात, तो सुटीवर घरी आला की आईला मावचीत सांगतो, आणि रविवारी रूथचा फोन आला की धनीबाई ते तिला सांगते, बायका, बहिणी, हवी तेवढी भर घालून.